डाव्या खांद्याची बंदूक

मामांचा फोन आला तेव्हा मी नगरच्या माझ्या शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. मामांना फोनवर प्रस्तावना जमत नाही. ते एकदम म्हणाले, "नगरात डाव्या खांद्याची बंदूक मिळती का, बघ."

मला आधी काहीच कळलं नाही. मी वर्गाबाहेर आलो.

"माजा उजवा डोळा गेला ना," मामा म्हणाले. "मंग आता डाव्या खांद्याला लावूनच मारावी लागनार. आन आपली बंदूक हाय उजवी. टोपीचा जाळ तोंडावर येतो."

मामांकडे शेतीच्या राखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. नळीच्या तोंडातून दारू भरून गजानं ठासायची, मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो. टोपी फुटताना ठिणग्या उडतात. घोडा आणि टोपी बंदुकीच्या उजव्या अंगाला असल्यामुळे उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याच्या तोंडापासून त्या लांब जातात. तीच बंदूक डाव्या खांद्याला लावली की चेहरा बरोबर ठिणग्यांच्या बाजूला येतो. मामांचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला होता. कळलं तेव्हा उशीर झालेला. उरला एकच डोळा. त्याला काही झालं तर? मी पेपर तसेच ठेवून मुख्याध्यापकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेलो.

खरं सांगायचं तर मला त्या फोनचा आनंदही झाला होता. राजूरच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत मामांचं गाव आहे. माझे आई-वडील वर्षातले सहा महिने मजुरीसाठी बाहेर असत, म्हणून मी पाचवीपासून मामांकडे राहिलो, राजूरच्या शाळेत शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागल्यावर गावानं शाळेत माझा सत्कार केला, तेव्हा भाषणात मी तीनदा मामांचे उपकार मानले. मामी बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. बारावीच्या परीक्षेची फी तिनं रानातून हिरडा गोळा करून, वाळवून, विकून भरली होती. तिचा उल्लेख भाषणात करावा असं मला सुचलंसुद्धा नव्हतं. पण हे आज लिहितोय. त्या दिवशी रजेचा अर्ज लिहिताना माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की मामांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं आहे.

नगरमध्ये परवाना असलेला बंदुकांचा एक छोटा कारखाना आहे. पुढं दुकान आणि मागं तीन माणसांचं काम. भिंतीला लावलेल्या सगळ्या बंदुका उजव्या. मालकानं मला मागं पाठवलं. तिथं सत्तरीचे एक कारागीर जमिनीवर बसून कानशीनं लोखंड घासत होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो.

"डावी?" चाचांनी कानस खाली ठेवली. "सर, उभ्या आयुष्यात दोन बनवल्या. सगळं उलटं. घोडा उलटा, स्प्रिंगची कमान उलटी, लाकूडसुद्धा उलट्या अंगाला झुकवायचं. हात ऐकत नाही आमचा. पण होईल. आधी कागद करा आणि माणूस आणा."

कागद मी केले. "परवानाधारकाचा उजवा डोळा अधू झाल्यामुळे डाव्या खांद्यावरून चालवता येईल अशी बंदूक बदलून मिळावी," असा अर्ज लिहिला. आमच्या गावातले निम्मे अर्ज आजही माझ्याच हातचे असतात, त्यामुळे भाषा सरावाची होती. दोन-तीन हेलपाट्यांत परवानगी मिळाली. मग मामा एसटीनं जुनी बंदूक गोणपाटात गुंडाळून, परवाना कोपरीच्या खिशात घालून नगरला आले.

चाचांनी आधी मामांना चहा पाजला. मग एक साधी काठी हातात देऊन म्हणाले, "डोळे मिटा पाटील, आणि बंदूक समजून खांद्याला लावा."

मामांनी डोळे मिटले आणि काठी उजव्या खांद्याला लावली. मग दचकल्यासारखे होऊन ती डावीकडे नेली. चाचांनी ते पाहून घेतलं. खांद्यापासून बोटापर्यंतचं माप घेतलं, गालाची उंची घेतली, कागदावर लिहिलं.

मामा वैतागले होते. "बंदुकीला माप कसलं घेता? सदरा हाय का तो?"

"सदरा ढगळ झाला तर चालतो, पाटील," चाचा म्हणाले. "बंदूक ढगळ झाली तर नाक फोडते."

मग त्यांनी जुनी बंदूक मांडीवर घेतली. दस्त्यावरून, म्हणजे मागच्या लाकडी भागावरून, अंगठा फिरवत राहिले. वास घेतला. चष्मा कपाळावर सरकवून खिडकीपाशी नेली. मला वाटलं, कारागिराचं प्रेम. मामा मात्र सारखे म्हणत होते, "चला, माजी गाडी चुकंल." नवी होईपर्यंत म्हणून जुनी त्यांनी परत गोणपाटात गुंडाळून नेली.

आठ-दहा दिवसांनी चाचांनी मला बोलावलं. "एकटे या," असं मुद्दाम सांगितलं.

गेलो तर काम सुरू झालेलं होतं. भिंतीवर दाढीचा आरसा टांगून चाचांनी त्याच्यासमोर एक उजवी कळ, म्हणजे घोडा बसवलेली लोखंडी जुळणी, ठेवली होती, आणि आरशात दिसेल तसं उलटं लोखंड घासत होते. शेजारच्या डब्यात एक वाकडी कमान पडली होती. सवयीनं उजवीच वाकवली, म्हणाले. शिसवाच्या लाकडाचा ओबडधोबड दस्ता बाजूला उभा होता.

"सर, बुरा मानू नका," ते म्हणाले. "ती जुनी बंदूक तुमचे मामा चालवत नाहीत."

"म्हणजे?"

"डाव्या खांद्यावरूनच चालते, ते खरं. उजव्या अंगाचं पॉलिश गालानं गेलंय. पण गालाची खूण पार मागं आहे. तुमच्या मामांचे हात लांब. त्यांचा गाल चार बोटं पुढं यायला पाहिजे. हा कोणी बुटका माणूस आहे. आणि लाकडाला खोबरेल तेलाचा वास आहे." ते थांबले. "आणि पकडायच्या जागी बारीक बारीक ओरखडे आहेत. काचेच्या बांगड्यांचे."

मला मामीच्या बांगड्या आठवल्या.

"मी मापात बनवतो. माप ज्याचं नाही त्याच्या हातात गेली तर डावी काय आणि उजवी काय. ज्याच्यासाठी बनवायची त्याला आणा. आणि हो, परवान्यावर ज्याचं नाव नाही त्याच्या हाती मी बंदूक देणार नाही. माझी रोजीरोटी एवढीच आहे," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात दाखवले.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. मामा खाचरावर गेले होते. मामी अंगणात नाचणी पाखडत होती, डाव्या हाताचा जोर लावून. लहानपणापासून मी तिला असंच पाहिलेलं होतं. मी शेजारी बसलो आणि तिचा उजवा हात बघायला मागितला. मनगटापासून कोपरापर्यंत तिचं गोंदण आहे, तुळशीचं रोप आणि ठिपक्यांच्या ओळी. त्या ओळींच्या मध्येमध्ये, कुठल्याच ओळीत न बसणारे, काळे-निळे ठिपके होते. कातडीखाली शिरलेली दारू. नाकाच्या उजव्या बाजूलाही तसे तीन-चार.

"कधीपासून, मामी?"

तिनं हात ओढून घेतला. मग हसली. "तुजा मास्तरकीचा डोळा लई उशिरा उघाडला रं. दोन सालं झाली."

"मामांनी सांगितलं की..."

"त्ये सांगनारच. उजवा डोळा गेला, डाव्यानं सांजंचं बैल का रेडा कळंना. डुकरं आली की बार कोनी काढायचा? मंग मी काढते. छर्रे न्हाई घालत, निस्ती दारू. आवाज झाला की पळत्यात." तिनं सूप खाली ठेवलं. "उजव्या खांद्याला लावून बघितली, जमंना. मी डावरी. आयनं लहानपनी हात बांधून ठिवला, तरी डावरीच ऱ्हायले. सासूनं जलमभर टोमने दिले. आन आता बंदुकीनं तोंड भाजून घ्येते. काय करायचं सांग."

"मग नवी बंदूक तुझ्यासाठीच मागितली मामांनी?"

"न्हाई तर काय!" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे विचारण्यासारखंच नव्हतं. "माजं तोंड भाजतं म्हनून जीव टाकत्यात. पन नाव घ्याची लाज."

इतक्यात मामा आले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. मी चाचांचं म्हणणं सांगितलं आणि म्हणालो, मामीच्या नावानं परवान्याचा अर्ज करू, तिचं माप देऊ.

"बाईच्या नावावर बंदूक?" मामा ओरडलेच. "बायकू राखन करती आन ह्यो घोरत पडतो, म्हनत्याल लोक. आन तुला काय वाटतं, सायेब काय म्हनंल? दोन साल बिगरपरवान्याची बाई बंदूक चालवती म्हनून मलाच आत टाकंल. तुजा अर्ज बी खोटा ठरंल. मास्तरकी ऱ्हाईल का तुजी?"

"ऱ्हाऊ द्या ना," मामी म्हणाली. "दोन सालं काय झालं न्हाई."

"तू गप. तुला कोनी इचारलं?"

"मलाच इचारायला पायजे हुतं," ती सूप उचलत म्हणाली आणि आत गेली.

मामांच्या शेवटच्या वाक्यानं मी घाबरलो होतो, हे मान्य करायला हवं. अर्ज माझ्या हातचा होता. खोटं मी जाणूनबुजून लिहिलं नव्हतं, पण आता मला माहीत होतं, आणि आता गप्प बसलो तर ते जाणूनबुजूनच होणार होतं. मी मामांना म्हणालो, विचार करा. खरं तर विचार करायला मला वेळ हवा होता. चाचांना सांगितलं, जरा थांबा. चाचा म्हणाले, "लाकूड थांबतं सर. मी दस्ता लांबच ठेवलाय." पावसाळा सगळा असाच गेला. दर रविवारी मी ठरवायचो की उद्या तहसीलमध्ये जाऊन विचारू, आणि सोमवारी शाळेत पाचवा तास घेऊन घरी यायचो. भाताला ओंब्या आल्या की डुकरं उतरतात हे मला माहीत होतं. घरात अजून तीच उजवी बंदूक आहे, हेही.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना सकाळी मामांचा फोन आला. पुन्हा प्रस्तावना नाही.

"डोळा हाय," ते म्हणाले. "डाक्टर म्हनला, वाचला. तू ये."

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मामीनं बार काढला, तेव्हा टोपीचा तुकडा उडून तिच्या उजव्या भुवईत घुसला होता. डोळ्यापासून करंगळीच्या नखाएवढा वर. मी संगमनेरच्या दवाखान्यात पोचलो, तर ती कॉटवर बसून चहाची बशी हातात धरून होती. अर्धा चेहरा पट्टीखाली. जवळ मामा उभे होते. दवाखान्यातल्या बाईनं बसायला स्टूल दिलं होतं, पण ते बसत नव्हते.

"दवाखान्यात काय सांगितलं?" मी हळूच विचारलं.

"खरं," मामा म्हणाले. "खोटं सांगाया गेलो तर डाक्टरला जखमच कळंना. काय घुसलं, लोखंड का तांबं, त्ये इचारीत हुता. मंग सांगितलं."

मामी पट्टीखालून म्हणाली, "ह्ये रडलं डाक्टरफुडं. डाक्टरच घाबरला."

"गप बस," मामा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळानं मला व्हरांड्यात घेऊन आले. "लिही अर्ज. तिच्या नावानं. आन आता मी सांगतो तसं लिही, तुज्या भाषेत नगं."

मी लिहीत गेलो. माझ्या एका डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्याला कमी दिसतं. माझी बायको डावरी आहे. शेताची राखण तीच करते. माझ्या बंदुकीनं तिला इजा झाली. ती दोन वर्षं बंदूक चालवते, ह्यात तिची चूक नाही, मी सांगितलं म्हणून ती चालवते. ह्या वाक्यावर मी थांबलो. हे लिहिलं तर काय होऊ शकतं ते त्यांना पुन्हा सांगितलं.

"मला ठावं हाय. लिही."

अर्जाखाली मी पहिला अर्ज माझ्या हातचा असल्याचंही लिहिलं. मोठा धीर केला असं नाही. त्यांच्या शेजारी उभा राहून ते न लिहिणं जमलं नाही, एवढंच. गावी पोचल्यावर मामा आधी घरातली जुनी बंदूक घेऊन राजूरच्या पोलीस चौकीत गेले आणि ती जमा करून पावती घेऊन आले. भात कापणीला अजून दोन आठवडे होते.

"आता राखणीचं काय?" मी विचारलं.

"बंदूक घरात असली तर ही उचलनार," ते म्हणाले. "मी हिला वळखतो."

दिवाळीनंतर मामीला नगरला नेलं. चाचांनी आधी मालकाला विचारलं, अर्ज दाखल झाल्याची पोच पाहिली आणि म्हणाले, मापानं बनवून ठेवतो, पण परवाना आल्याशिवाय बंदूक दुकानाबाहेर जाणार नाही. मामी पदर डोक्यावरून घेऊन कोपऱ्यात उभी होती. एवढ्या पुरुषांसमोर डाव्या हाताला काठी धरायला तिला अवघड वाटत होतं. ती उजव्या हातात धरायची, मग पुन्हा खाली ठेवायची. चाचांनी बाकीच्या दोन कारागिरांना पुढच्या दुकानात पाठवलं आणि स्वतः पाठ करून बसले.

"ताई, डोळे मिटा आणि लावा. झालं की सांगा, मग मी वळतो."

तिनं लावली, एका दमात, डाव्या खांद्याला. चाचा वळले, आणि मला म्हणाले, "बघा सर. ह्याला म्हणतात माप."

त्यांनी त्याच दिवशी दस्ता चार बोटं कापला. गालाच्या जागी लाकूड हळूहळू उतरवत होते आणि दर वेळी तिला लावायला सांगत होते. सहाव्या का सातव्या वेळी मामी स्वतःच म्हणाली, "हां. आता बसली." मी तिला आयुष्यात स्वतःच्या मापाचं काही करून घेताना पाहिलं नव्हतं. तिच्या चपलासुद्धा मामांनी बाजारातून अंदाजानं आणलेल्या असत.

भात निम्मं गेलं. डबे वाजवून, शेकोटी करून जेवढं राखता आलं तेवढं राखलं. नवी बंदूक जानेवारीतच तयार झाली. मी पाहिली. घोडा डावीकडे, लाकूड काळसर, तेल पाजलेलं. ती दुकानाच्या कुलपाच्या कपाटात उभी आहे.

गेल्या महिन्यात चौकशीसाठी पोलीस आला. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. ओट्यावर तो, मामा, मी आणि चार शेजारी. मामी दारात. तरुण होता, उर्मट नव्हता. त्यानं शेतीचा उतारा पाहिला, दवाखान्याचे कागद पाहिले. मग मामांना विचारलं, "बाईंना बंदूक चालवता येते, असं तुम्ही लिहिलंय. शिकवलं कोणी?"

शेजारी पुढं सरकले. मला वाटलं, मामा आता माझ्याकडे बघतील.

"कोनी न्हाई," मामा म्हणाले. "माजा डोळा गेला तवा ही आपली आपन शिकली. मला तर नेमच नव्हता कधी. हिचा हाय."

कोणीतरी खुदकन हसलं. मामांनी तिकडे पाहिलं नाही. पोलिसानं वहीत बराच वेळ लिहिलं. मग मामीला विचारलं, "आता डोळा कसा आहे?"

"पानी येतं वाऱ्याला. दिसतं."

"बरं," म्हणून त्यानं वही मिटली. "साहेबांकडे जाईल. त्यात काय लिहून येईल ते मी सांगू शकत नाही. गुन्हाही लागू शकतो, परवानाही मिळू शकतो. तोवर बंदुकीला हात लावू नका."

तो गेल्यावर शेजारी उठले. मामा ओट्यावर तसेच बसून होते. मी उतारा आणि दवाखान्याचे कागद गोळा करून पिशवीत भरले. आत चूल पेटली होती. ऊन डोंगरामागं गेलं तशी मामी बाहेर आली, भुईमुगाच्या वावराकडे निघाली. मामाही उठले. बांधावर त्यांना उजवीकडचं काही दिसत नाही, म्हणून ती त्यांच्या उजव्या अंगानं चालते. दोघं आंब्यापाशी वळून दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो. मग वावरातून डबा वाजल्याचा आवाज आला.